आमचा कांदा सुटला होता

कार्तिकातल्या सोमवारी सत्तरेक उपाशी भाविकांना मी कांद्याचे भजे खायला पाठवलं.

असं सरळ लिहून टाकलेलं बरं. आमच्या गल्लीत ही गोष्ट अजून मला समोर बसवून सांगतात, आणि दर खेपेला त्यात माणसं वाढवतात. परवा एकानं तीनशे केली. म्हटलं, मूर्खपणा माझा आहे, तो दुसऱ्यांनी का फुगवावा? म्हणून हे लिहायला बसलो.

मी परळीचा. स्टेशनापासून निघून मोंढ्याच्या धान्यबाजारातनं वैजनाथाच्या पायऱ्यांपर्यंत जो भाग आहे, त्याच्या बाहेर माझं आयुष्य फारसं गेलेलं नाही. थर्मलच्या वीजकेंद्रात नोकरी केली, पण त्याची चिमणी आमच्या गच्चीवरून दिसते म्हणून तीही परकी वाटली नाही. निवृत्त झालो आणि कळेना की आता सकाळी उठून जायचं कुठं. मग स्टेशनवर जाऊन बसायला लागलो. तेलंगणातनं, कर्नाटकातनं गाड्या येतात, देवाला आलेली माणसं उतरतात, फलाटावर गोंधळून उभी राहतात. त्यांना वाट सांगायची. पगार नाही, पेन्शन नाही, पण ऐकणारं माणूस रोज नवं.

वाट सांगता सांगता मी पुढं जेवण सांगायला लागलो. थाळी खायची तर स्टेशनसमोर, पण भात मागायची घाई करायची नाही, कारण एकदा भात पडला की तिथला वाढपी पोळी घेऊन पुन्हा फिरकत नाही. सोडा प्यायचा तर मोंढ्याच्या कोपऱ्यावर, गोटीच्या बाटलीचा, आणि ती फोडताना तोंड जरा लांब ठेवायचं. सीताफळं बसस्टँडबाहेर पाट्या घेऊन बसणाऱ्या बायांकडून, डोळे उघडलेली बघून. पेढा पायऱ्यांखाली घ्यावा, पण पहिल्या दुकानातला देवाला चालतो, माणसानं दुसऱ्या दुकानातला खावा. पहिल्या दुकानदाराच्या कानावर हे गेलं तेव्हापासून तो माझ्याशी बोलत नाही. देव मात्र बोलतो, असं माझं मत आहे.

पोट भरलं की मग ऐकण्या-बघण्याचं. संध्याकाळी पायऱ्यांवर बसा म्हणायचो. तिथं म्हाताऱ्यांचं भजन चालतं. पखवाजवाल्याला ऐकायला कमी येतं, त्यामुळे तो त्याच्या लयीत असतो आणि बाकीचे सगळे त्याच्या मागं धावतात, पण शेवटी सगळे एकाच ठिकाणी पोचतात. उरुसात आलात तर कव्वालीला जा, मागं बसा. पुढं बसलं की वाहवा करावी लागते, आणि ती एकदा सुरू केली की थांबवता येत नाही, हे मी रात्रभर पुढं बसून शिकलो.

आता माझी अडचण अशी की माझ्या डोक्यातलं गाव आणि जमिनीवरचं गाव ही दोन वेगळी गावं आहेत. डोक्यातल्या गावात जुनं टॉकीज अजून चालू आहे. मी एका नव्या जोडप्याला मोठ्या प्रेमानं तिकडं सिनेमाला पाठवलं. तिथं होऊन किती वर्षं झाली मंगल कार्यालय. ते दोघं गेले, दारात कुणीतरी अत्तर लावलं, आत बोलावलं, पंगतीत बसवलं. कुणाच्या तरी लग्नात बुंदी खाऊन आले आणि वर मलाच म्हणाले, काका, तुमच्या गावासारखं गाव नाही. नांदेडच्या एका प्राध्यापकाला मी जुनी मासिकं बघायला वाचनालयात धाडलं. तिथं आता व्यायामशाळा आहे. तो भला माणूस तिथल्या पोरांना म्हणे विचारत होता, मासिकं वरच्या मजल्यावर आहेत का.

ते वाचनालय माझ्या डोळ्यांपुढून हलत नाही. दुपारी तिथं पंख्याखालची खुर्ची धरायला आम्ही जेवण अर्धं टाकून पळायचो. वाचायचं असं फारसं काही नसायचं. पण पेपराचं मधलं पान एकाकडं, बाहेरचं दुसऱ्याकडं, आणि दोघंही एकमेकांचं संपायची वाट बघत पेंगायचे. आता तिथून जाताना लोखंड आदळल्याचा आवाज येतो. येऊ दे. पोरं दांडगी होतायत, आम्ही नुसते पेंगून राहिलो.

तर असा मी. सगळं सांगायचो. फक्त एक जागा मी कधीच कुणाला सांगितली नाही.

मोंढ्याच्या मागच्या गल्लीत, वळणावर, एक हॉटेल आहे. पाटी नाही. बाहेरून बघितलं तर घर वाटतं आणि आत गेलं तरी बराच वेळ घरच वाटतं. चार टेबलं, त्यातलं एक जिन्याखाली, तिथं बसताना मान वाकवावी लागते. ते आमचं. हे हॉटेल आमच्याहून थोड्या थोरल्या एका माणसानं काढलं, त्याला आम्ही दादा म्हणायचो, म्हणून त्याची बायको ती आमची वहिनी. दादा जाऊन बरीच वर्षं झाली. कढईपुढं तेव्हाही वहिनीच होत्या, आताही त्याच आहेत.

तिथं दोनच पदार्थ. सुशीला आणि भजे. सुशीला म्हणजे भिजवलेले मुरमुरे फोडणीला टाकून, वर शेंगदाण्याचं कूट आणि डाळ्याचं पीठ. ज्यानं खाल्लंय त्याला सांगायला नको, ज्यानं नाही त्याला सांगून कळत नाही. आणि भजे. पुण्याकडं ज्याला भजी म्हणतात ते नव्हे. वहिनी कांदा चिरून मीठ लावून नुसता ठेवायच्या, त्याला सुटेल तेवढ्याच पाण्यात पीठ. वर पाणी घालायचं नाही. 'पाणी घातलं की भजं फसवतं,' म्हणायच्या. सोबत तळलेली मिरची, आणि ती खाऊन डोळ्यांतनं पाणी आलं की चहा.

थर्मलचे जुने संच चालू होते तेव्हा पाळी सुटली की गल्लीत सायकली लावायला जागा नसायची. टेबलावर राखेचा पातळ थर बसलेला असायचा. गिऱ्हाईक बसलं की वहिनी आधी ओलं फडकं मारायच्या आणि मगच विचारायच्या काय पायजे. आम्ही चौघं जिन्याखाली. फडकं फिरायच्या आधी कुणीतरी त्या राखेत बोटानं काहीतरी लिहायचं, बहुतेक माझ्याबद्दल. दिवाळी झाली की ऊसतोडीला निघालेल्या टोळ्यांच्या ट्रक मोंढ्यात थांबायच्या, बाया लेकरं घेऊन उतरायच्या, गावाबाहेर पडायच्या आधीचे शेवटचे भजे बांधून न्यायच्या. त्या दोन दिवसांत वहिनींना मान वर करायला फुरसत नसायची.

मग संच थंडावले. ट्रका बाहेरच्या रस्त्यानं जायला लागल्या. आम्हा चौघांतले दोघं गेले, एक देवाघरी आणि एक लेकाकडं ठाण्याला. दोन्हींकडून परत कुणी येत नाही. जिन्याखाली उरलो मी आणि माझा शाळेपासूनचा मित्र, जो आधी रेडिओ दुरुस्त करायचा आणि आता मिक्सर करतो. तरी आम्ही त्याला रेडिओवालाच म्हणतो.

मी ही जागा का लपवली? कारण साधं आहे. चार टेबलं. उद्या माझं ऐकून माणसं यायला लागली तर जिन्याखाली कोण बसणार? एकदा एक चांगल्या कपड्यातला माणूस नाक वर करून गल्लीत उभा होता. तळणाचा वास त्याला ओढून आणत होता. त्यानं मला विचारलं, इथं काही खायला मिळतं का हो? मी तोंड पुसत पुसत बाहेर पडलो होतो. म्हणालो, 'न्हाई हो, घर हाय ते.' आणि त्याला स्टेशनसमोरच्या थाळीकडं लावून दिलं. वरून बजावलं की भाताची घाई करू नका.

गेल्याच्या गेल्या वर्षीची दिवाळी. फराळाची ताटं अजून घरोघर फिरत होती. एका सकाळी वहिनींचा मुलगा आमच्या टेबलाशी येऊन उभा राहिला. हा पोरगा आईच्या हाताखाली हॉटेलातच असतो. गुणी आहे, पण त्या दिवशी खाली बघत बोलला.

"काका, कार्तिक संपला की बंद करतोय. मोबाइलच्या कव्हरवाल्याला जागा द्यायची म्हणतोय."

"आन् वहिनी?"

"येईल माझ्यासंगं. संभाजीनगरला काम बघितलंय मी. फ्लॅट हाय दुसऱ्या मजल्यावर."

कढईकडून करपल्याचा वास आला. इतक्या वर्षांत वहिनींचा घाणा करपलेला मी पहिल्यांदा बघितला. त्यांनी तो झाऱ्यानं काढून बाजूला टाकला आणि पाठमोऱ्याच म्हणाल्या, "पोराचं चुकत न्हाई भाऊजी. गिऱ्हाईकच न्हाई तर तो काय करील? पण त्या फ्लॅटात सकाळी उठून मी खायला कुणाला घालू? भिंतींला?"

मुलगा म्हणाला, "आई, गिऱ्हाईक आलं तर मी कावून बंद करू? आणून दाव."

आम्ही दोघं बाहेर पडलो. वळणावर रेडिओवाला थांबला. "बे," तो म्हणाला, "सगळ्या जगाला वाट दाखवत फिरतोस. हितली कावून दाखवली न्हाईस?"

"जागा..." मी म्हणालो.

"काय जागा? आता बस मोबाइलच्या कव्हरावर."

त्या दिवसापासून माझ्या डोक्यात एकच. कार्तिक संपायच्या आत वहिनींच्या दारात गर्दी करायची. आणि गर्दी तर रोज माझ्यासमोर रेल्वेतनं उतरत होती.

इथं जरा आमच्या घरचं सांगावं लागेल. आमच्या घरात आषाढी एकादशीपासून कांदा-लसूण बंद होतो आणि कार्तिकी एकादशी झाली की दुसऱ्या दिवशी सुटतो. घरात बंद होतो, एवढंच मी म्हणालो. मोंढ्याच्या मागच्या गल्लीबद्दल मी काही बोललेलो नाही. त्या वर्षीही एकादशी झाली, द्वादशीला बायकोनं पहिला कांदा चिरला, घर दरवळलं, आणि मला वाटलं की आता सगळ्या जगाचा कांदा सुटला. पुढच्याच सोमवारी सकाळी तेलंगणाच्या गाडीतनं एक मोठा जथा उतरला. बाया, म्हातारे, लेकरं. पुढं एक उंच गडी, कपाळभर भस्म, खांद्यावर उपरणं. म्होरक्या तोच.

मी त्याला गाठलं. मला दख्खनी बरी येते, थर्मलवर कंत्राटाचे मजूर तिकडचे असायचे. मी सुरूच केलं. दर्शन कसं घ्यायचं, कुठल्या बाजूनं चढायचं, मग उतरून आमच्या गल्लीत कसं यायचं, तिथं जगात नाहीत असे भजे कसे मिळतात, कांदा कसा चिरतात, पाणी कसं घालत नाहीत. तो गडी मधे मधे तोंड उघडायचा. त्यानं तोंड उघडलं की मी त्यात माझं पुढचं वाक्य घालायचो. शेवटी त्यानं हात जोडले. मला वाटलं, ठरलं.

घरी येऊन बायकोला सांगितलं. ती म्हणाली, "अहो, पण त्यांला विचारलं का, खात्यात का ते?"

"भजे कोण खात नाही?"

"विचारलं का म्हणते मी."

"आपला कांदा सुटलाय. आता काय विचारायचं?"

ती वळून चुलीकडं गेली. ती अशी वळली की मी समजून जायला पाहिजे, पण मी घाईत होतो.

वहिनींना सांगितलं तेव्हा त्यांनी झारा खाली ठेवला. "सत्तर?" म्हणाल्या. मग पदर खोचला. त्यांच्या तोंडावर जो उजेड आला तो मी थर्मलच्या पाळ्यांच्या दिवसांनंतर बघितला नव्हता. मुलाला म्हणाल्या, "कांद्याचं पोतं आण. अर्धं न्हाई, पुरं." मुलानं माझ्याकडं बघितलं, विश्वास नव्हता त्याच्या डोळ्यांत, पण गेला. शेजारच्या मंडपवाल्याकडून सतरंज्या आल्या. रेडिओवाला डोळे पुसत पुसत कांदा चिरायला बसला. मीही बसलो, पण माझे काप जाड होतात म्हणून मला उठवून फडकं हातात दिलं. आता राख कुठली बसायला, तरी मी चारही टेबलं दोन-दोनदा पुसली.

दुपार कलली आणि गल्लीच्या तोंडाशी भस्माची कपाळं दिसायला लागली. आले! खरंच आले! वहिनींनी पहिला घाणा टाकला, दुसरा टाकला, तिसरा. परातीत डोंगर झाला. माणसं सतरंज्यांवर दोन्ही बाजूंनी बसली. मी स्वतः ताटल्या वाढल्या.

कुणी हात लावेना.

एक म्हातारी ताटलीकडं बघून हळूच हसली आणि तिनं ती पुढं सरकवली. शेजारच्या बाईनंही सरकवली. ओळीनं ताटल्या सरकत गेल्या. म्होरक्या उठून माझ्याजवळ आला आणि अगदी हळू, कुणाला वाईट वाटू नये अशा आवाजात म्हणाला, "भाई, आप इत्ते प्यार से बुलाये तो आये. पर आज सोमवार है ना. कार्तिक का सोमवार. सुबह से पानी पे हैं सब. शाम कू तारा दिखे तो खाते."

"तो शाम को खाओ," मी म्हणालो.

"प्याज तो पूरा महिना नक्को. हमारे में कार्तिक पूरा होने तक प्याज-लहसून नक्को."

एकच महिना, एकच महादेव. आमचा कांदा द्वादशीला सुटला होता, त्यांचा अमावास्येपर्यंत बंद होता.

"तो सुबह काय को नै बोले?" माझा आवाज चिरका झाला.

"आप बोलने कू दिये क्या?"

रेडिओवाला माझ्या मागं उभा होता. तो हसला असता तर बरं झालं असतं. हसला नाही. मुलगा परातीतल्या डोंगराकडं बघत होता, आणि त्याच्या डोक्यात मोबाइलची कव्हरं ओळीनं टांगली जात होती हे मला दिसत होतं. मी वहिनींकडं बघायचं टाळलं. पुरं पोतं संपलं होतं.

वहिनींनी जाळ बारीक केला. परातीकडं बघितलं, माणसांकडं बघितलं. "भाऊजी," म्हणाल्या, "त्यांला उठू देऊ नका. बसायला काय कांदा लागतो का?" मग मुलाला, "ही कढई उतरव. आतली नवी काढ. तेल नवं. सुरी, पाट, परात, कांद्याचा हात लागलेलं सगळं बाहेर. घरच्या उसळीला मूग भिजलेले हायत ना उद्याचे? ते वाटायला घे, कमी पडतील तर मोंढ्यातनं डाळ आणून भिजव." मुलगा हलेना. "हल की," त्या ओरडल्या, "लोक दारात बसल्यात."

मग माझ्याकडं वळल्या. दोन मोठ्या पाट्या भजे भरून माझ्यापुढं ठेवल्या. "ह्या उचला. ज्या ज्या दारात माणसं धाडत व्हता, त्या त्या दारात जा. एक भजं माघारी आणायचं न्हाई."

आयुष्यभर ज्या मोंढ्यातनं मी मान ताठ करून फिरलो, तिथं डोक्यावर पाटी घेऊन निघालो. रेडिओवाला दुसरी पाटी घेऊन मागं, आणि तो ओरडत होता, "घ्या! पत्ता चुकलेले भजे! गरम हायत तवर घ्या!" सोडावाल्यानं घेतले. स्टेशनसमोरच्या थाळीवाल्यानं घेतले, आणि त्याच्या वाढप्यानं तिथंच उभं राहून ताटलीभर संपवले. पहिल्या दुकानाच्या पेढेवाल्यानं कितीतरी वर्षांनी माझ्याशी तोंड उघडलं, पण ते भजं घालायला. व्यायामशाळेतली दांडगी पोरं घाम पुसत बाहेर आली. शिकवणीच्या वर्गातनं पोरापोरींचा लोंढा सुटला होता, त्यांनी दोन्ही पाट्यांना गराडा घातला. एक पोरगी बोटं चाटत म्हणाली, "काका, हे कुठले? ह्या गल्लीत कुठं हाय हॉटेल?"

आणि माझ्या तोंडातनं सवयीनं आलंच, "न्हाई गं, घर..."

रेडिओवाल्यानं मागून गुडघा मारला.

"वळणावर," मी म्हणालो. "पाटी नाही. तळणाचा वास येईल तिकडं वळ." हे एवढं सांगताना मला माझ्या खिशातलं कुणीतरी काढून घेतंय असं वाटलं. पण सांगितलं. पुढच्याला सांगितलं, त्याच्या पुढच्याला सांगितलं. पाटी हलकी होत गेली तसतसा मी सुटत गेलो.

माघारी आलो तर गल्ली ओळखू येईना. त्या बायांनी आपल्या पिशव्यांतनं वाती काढल्या होत्या. कार्तिकात त्यांच्यात दिवे लावतात म्हणे. आमच्या गल्लीतल्या बायांनी घरातनं पणत्या दिल्या, दिवाळीच्या उरलेल्या, कुणी तेल दिलं. वहिनींच्या ओट्यावर, शेजारच्या पायऱ्यांवर, थेट वळणापर्यंत पणत्या. भाषा येत नसताना दोन्हीकडच्या बाया काय बोलत होत्या कोण जाणे, पण हसत होत्या. माझी बायकोही तिथं वाती वळत बसलेली. तिनं माझ्याकडं एकदा बघितलं. 'विचारलं का,' असं तोंडानं म्हणाली नाही.

आता सगळे आभाळाकडं बघत बसलेले. चांदणी दिसली की खायचं. आणि नेमका पश्चिमेकडं धूर पसरलेला. लेकरं कळवळली होती. वहिनी झारा धरून तयार. मला वाटलं, सकाळपासून एवढं बिघडवलंय, निदान चांदणी तरी मी दाखवावी. टाचा उंचावून बघितलं, घरांच्या वर एक ठिपका लुकलुकत होता. मी हात वर करून ओरडलो, "ती बघा! दिसली!"

सत्तर माना वळल्या. हात जोडले गेले. मग म्होरक्या हळूच म्हणाला, "भाई, वो तो लाल है."

चिमणीवरचा दिवा होता तो. विमानांसाठी लावतात. ज्या चिमणीखाली मी उभी नोकरी काढली, तिचा दिवा मी चांदणी म्हणून सत्तर जणांना दाखवला. गल्ली एवढी हसली की पणत्या हलल्या. ती म्हातारी तर पदर तोंडात धरून हसत होती.

तेवढ्यात वरून आवाज आला, "हिकडं! हिकडं, देवळाच्या बाजूला! चांदणी!" वहिनींचा मुलगा गच्चीवर चढला होता. कधी गेला, कुणी सांगितलं, माहीत नाही. तो दोन्ही हात हलवत होता, आणि त्याच्या मागं खरोखरची, पांढरी, एकच चांदणी होती.

मग काय विचारता. बिनकांद्याची सुशीला, वर लिंबू, मुगाचे भजे, ताक. वाढपी आम्ही सगळे. वहिनी कढईपुढून उठल्या नाहीत, पण दर थोड्या वेळानं मान वर करून ओळीवरनं नजर फिरवायच्या, पाळ्यांच्या दिवसांत फिरवायच्या तशी. त्या म्हातारीनं तिसऱ्यांदा ताटली पुढं केली तेव्हा मुलगा खाली येऊन आईच्या शेजारी पीठ कालवायला बसला. पाणी घालायला गेला. वहिनींनी हातावर चापट मारली.

सगळे स्टेशनकडं गेल्यावर त्यानं पणत्या गोळा केल्या. मी विचारलं, "मग? कार्तिक संपत आला."

"बघू," तो म्हणाला. "संक्रांतीपर्यंत बघू."

कार्तिक सरला, संक्रांत आली आणि गेली, आणखी एक संक्रांत गेली. कव्हरवाल्यानं दुसरीकडं जागा बघितली. गेल्या कार्तिकात तो म्होरक्या पुन्हा आला, सोबत दोन गावं घेऊन. आता सोमवारी दोन कढया असतात, एक कांद्याची, एक बिनकांद्याची, आणि मला दोन्हींपासून लांब ठेवतात. शिकवणीची पोरं संध्याकाळी तुटून पडतात. व्यायामशाळेवाले तर सुशीला एवढी खातात की आधीचा व्यायाम कशाला करतात कळत नाही. पाटी अजून लावलेली नाही. लागत नाही.

फक्त एक झालं. परवा सकाळी मी आणि रेडिओवाला गेलो तर जिन्याखाली चार पोरं मान वाकवून बसलेली. टेबलावर त्यांची वह्या-पुस्तकं, मधे भजे. एकानं मला सांगितलं, "काका, ही जागा आमची हाय रोजची." मी बाहेर ओट्यापाशी ताटली हातात धरून उभा राहिलो. उन्हात. बरं वाटत होतं आणि वाईटही वाटत होतं. त्यातलं वाईट तेवढं मी वहिनींना ऐकवलं. म्हणालो, "वहिनी, बघा, माझ्यामुळं हॉटेल राहिलं आणि मलाच बसायला जागा नाही. निदान जिन्याखालचं टेबल तरी राखून ठेवावं माणसानं."

रेडिओवाल्याचं घास चावणं थांबलं. वहिनींनी घाणा काढला, निथळत ठेवला आणि माझ्याकडं बघितलं.

"भाऊजी, तुमी तोंड गप ठेवलं तवा दुकान बुडाया लागलं. उघडलं तवा कांद्याचं पोतं गेलं. आता ते फक्त खायाला उघडा, आन् जरा बाजूला व्हा, मागं गिऱ्हाईक खोळंबलंय."